पांढऱ्या पेशी वाढल्यात: कोणत्या, किती आणि कधीपासून?

सूक्ष्मदर्शी

रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण दिसला की घरातले वातावरण बदलते. कोणी ‘इन्फेक्शन दिसतंय’ म्हणून स्वतःच अँटिबायोटिक सुरू करते, कोणी नेटवर शोधत थेट रक्ताच्या कर्करोगापर्यंत पोचते. पॅथॉलॉजीत काम करताना ही दोन्ही टोके मी सतत पाहते आणि दोन्हींमुळे माणसांचे नुकसान होते. त्या आकड्याकडे कसे पाहावे, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे. प्रश्न जरूर विचारा. मात्र इथे कुणाच्या रिपोर्टवरून निदान करणार नाही, ते रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे.

मोठ्या माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे एक मिलिमीटर लांबी-रुंदी-उंची असलेल्या थेंबात, साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. लॅबनुसार ही मर्यादा थोडी इकडेतिकडे होते. आकडा ११,००० च्या वर गेला की त्याला ल्यूकोसायटोसिस म्हणतात. ताप जसा स्वतः आजार नसतो तसेच हेही. शरीरात काहीतरी घडते आहे, एवढेच ते सांगते.

‘नॉर्मल’ सगळ्यांना एकच नसते. नुकत्या जन्मलेल्या बाळात ९,००० ते ३०,००० पेशी असू शकतात. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, १५,००० च्या आसपासचा आकडा नेहमी दिसतो आणि प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी तो २५,००० पर्यंतही जातो. बाळंतिणीच्या रिपोर्टवर मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असते, त्यामुळे बाण उमटतो आणि सगळे घाबरतात.

हे चढउतार समजायला एक गोष्ट माहीत असावी लागते. रक्तात वाहताना सापडतात त्या पेशी एकूण साठ्याचा छोटासा भाग असतात. अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला मऊ गाभा, दररोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींची एक जात) तयार करते आणि तयार पेशींचा मोठा साठा बाळगून असते. शिवाय रक्तवाहिन्यांत पोचलेल्या न्यूट्रोफिलपैकी जवळपास निम्मे भिंतींना चिकटून असतात. सुईने घेतलेल्या नमुन्यात फक्त वाहणारे निम्मे येतात. जोरात धावलात, फार वेदना झाल्या, फिट आली, नुसती प्रचंड भीती वाटली, तरी अ‍ॅड्रेनलिनमुळे भिंतीवरचे न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि काही मिनिटांत आकडा दुपटीपर्यंत जाऊ शकतो. नवीन पेशी मात्र एकही तयार झालेली नसते. जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत अस्थिमज्जेतला साठा मोकळा होतो, आणि गरज टिकून राहिली तर पुढच्या दिवसांत उत्पादनच वाढते. म्हणून रक्त कोणत्या परिस्थितीत घेतले हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

आता प्रकार. पांढऱ्या पेशी पाच जातींच्या: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. १९ व्या शतकाच्या शेवटी पॉल एर्लिख यांनी कृत्रिम रंग वापरून पेशींतले कण वेगवेगळे रंगवून दाखवले, तेव्हापासून आपण त्या ओळखू लागलो. पेशी जंतूंना गिळतात हे त्याच काळात इल्या मेच्निकॉव्ह यांनी दाखवले. दोघांना १९०८ चे नोबेल विभागून मिळाले. एर्लिखच्या त्या रंगांचेच वारस आम्ही आजही स्लाइडवर टाकतो आणि एक स्लाइड पाहून पुष्कळदा पानभर आकड्यांपेक्षा जास्त कळते.

न्यूट्रोफिल वाढणे हा सर्वांत नेहमीचा प्रकार. टक्केवारी नव्हे, न्यूट्रोफिलचा स्वतःचा आकडा ७,५०० च्या वर गेला की लॅब त्याची नोंद घेते. न्यूमोनिया, अपेंडिक्सची सूज, गळू, मूत्रपिंडाचा संसर्ग ही ओळखीची कारणे. पण जंतूंशिवायची यादीही तेवढीच मोठी आहे: हृदयविकाराचा झटका, भाजणे, हाड मोडणे, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, मोठा रक्तस्राव, संधिवात, गाऊटचा झटका, स्वादुपिंडाची सूज, मधुमेहातला कीटोअ‍ॅसिडोसिस. औषधांत स्टिरॉइड सर्वांत आघाडीवर, मग लिथियम, आणि केमोथेरपीनंतर पेशी वाढवण्यासाठीच दिलेली जी-सीएसएफची इंजेक्शने. धूम्रपान आणि लठ्ठपणा यांत आकडा वर्षानुवर्षे थोडासा वर राहतो. प्लीहा (पोटात डाव्या बरगड्यांखाली असणारा अवयव) काढलेल्या माणसातही तो कायम किंचित जास्त असू शकतो. फुप्फुसासारख्या अवयवाच्या काही गाठी स्वतःच पेशीवाढीचे संदेश सोडतात, तेव्हाही न्यूट्रोफिल चढतात.

लिम्फोसाइट बहुधा विषाणूंमुळे वाढतात. मोठ्यांत ४,००० च्या वर असतील तर वाढले म्हणायचे. एब्स्टाइन-बार विषाणूच्या ग्रंथीज्वरात ते संख्येने वाढतातच, शिवाय स्लाइडवर मोठे, पसरट, वेगळ्याच रूपाचे दिसतात. डांग्या खोकला हा मोठा अपवाद: जीवाणूचा आजार असून त्यात लिम्फोसाइट वाढतात, कारण त्या जीवाणूचे विष लिम्फोसाइटना रक्तातून बाहेर पडूच देत नाही. तान्ह्या बाळात डांग्या खोकल्याबरोबर आकडा फार चढला तर ते गंभीर लक्षण असते. उतारवयात लिम्फोसाइट हळूहळू, त्रास न होता वाढत असतील तर सीएलएल या दीर्घकालीन रक्तकर्करोगाचा विचार करावा लागतो.

इओसिनोफिल ५०० च्या वर गेले की जंत, अ‍ॅलर्जी, दमा, त्वचेचे विकार आणि औषधांची रिअ‍ॅक्शन आठवायची. १,५०० च्या वर जाऊन तिथेच टिकले तर कारण शोधणे टाळू नये, कारण या पेशींतले पदार्थ हृदयाला इजा करू शकतात. मोनोसाइट क्षयरोग, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, आतड्याचे दीर्घकालीन दाह यांत वाढतात. संसर्गातून बरे होतानाही थोडे वाढलेले दिसतात. बेसोफिल एरवी एक टक्क्याच्या आतच असतात, त्यामुळे ते ठळकपणे वाढले की स्लाइड मी पुन्हा, अधिक सावकाश पाहते.

---

रानवारा

छान विषय. माझ्या रिपोर्टमध्ये एकूण पेशी ४,८०० आहेत आणि लिम्फोसाइट ५५ टक्के. त्यापुढे बाण आहे. एकूण आकडा नॉर्मल असताना लिम्फोसाइट वाढलेले कसे?

सूक्ष्मदर्शी

रानवारा, वाढलेले नाहीतच. ४,८०० चे ५५ टक्के म्हणजे २,६४०. मोठ्या माणसात १,००० ते ४,००० लिम्फोसाइट चालतात. तुमची टक्केवारी वर गेली ती न्यूट्रोफिलचा वाटा कमी झाल्यामुळे, आणि विषाणूजन्य तापानंतर असे पुष्कळदा दिसते. हेच ५५ टक्के १५,००० पेशींत असते तर ८,२५० लिम्फोसाइट झाले असते आणि गोष्ट वेगळी असती. टक्केवारी पाहून कधीच घाबरू नका आणि कधीच निर्धास्तही होऊ नका. रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट काउंट’ म्हणून वेगळी ओळ असते, ती वाचा. नसेल तर गुणाकार करा.

पिपेट

मी लॅब टेक्निशियन आहे. एककाबद्दल एक जोड. काही रिपोर्टमध्ये १२.५ असे छापलेले असते आणि लोक ‘फक्त साडेबारा पेशी?’ म्हणून फोन करतात. तिथे बाजूला दहाचा तिसरा घात प्रति मायक्रोलिटर किंवा नववा घात प्रति लिटर असे लिहिलेले असते. दोन्हींचा अर्थ १२,५०० प्रति मायक्रोलिटर असाच. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवताना हे आधी पाहावे.

चांदणवेल

ताई, माझ्या आईला संधिवातासाठी स्टिरॉइड सुरू केले आहे. आधी काउंट ८,००० होता, आता १५,००० च्या पुढे. डॉक्टर म्हणाले काळजी नको, औषधामुळे आहे. ताप नाही, बरे वाटते आहे. पण घरातले सगळे म्हणतात की एवढा काउंट आहे तर अँटिबायोटिक द्यायला हवे.

सूक्ष्मदर्शी

चांदणवेल, डॉक्टर म्हणतात ते वैद्यकशास्त्राला धरून आहे. स्टिरॉइडमुळे अस्थिमज्जेतला साठा रक्तात येतो, भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल सुटतात आणि रक्तातून ऊतींमध्ये जाण्याचा त्यांचा वेग मंदावतो. तिन्हींचा परिणाम एकच, वाहत्या रक्तात गर्दी. त्याच वेळी लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल कमी होतात. अशा रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल बहुधा पूर्ण वाढ झालेले असतात. अपरिपक्व पेशींची मोठी संख्या आणि न्यूट्रोफिलमध्ये गडद खरखरीत कण दिसले तर मात्र संसर्गाकडे संशय जातो.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. स्टिरॉइडमुळे ताप आणि सूज झाकली जाते. आईंना थंडी वाजली, धाप लागली, लघवीला जळजळ झाली, नेहमीपेक्षा सुस्त वाटल्या तर ‘काउंट स्टिरॉइडमुळेच असतो’ म्हणत घरी थांबू नका. आणि औषध मनाने अचानक बंद करू नका, ते फार धोक्याचे.

कातळवेल

मी रोज सिगारेट ओढतो. दर वर्षीच्या तपासणीत काउंट बारा हजारांच्या आसपास. बाकी सगळे नॉर्मल. याचा संबंध खरेच असतो का?

सूक्ष्मदर्शी

असतो. धुरामुळे श्वसनमार्गात आणि रक्तवाहिन्यांत सतत कमी तीव्रतेचा दाह राहतो. धूम्रपान करणाऱ्यांचा सरासरी काउंट न करणाऱ्यांपेक्षा जास्त असतो, आणि सिगारेट सोडल्यावर तो खाली येत जातो. वर्षानुवर्षे एकाच पातळीवर स्थिर असलेला किंचित वाढलेला न्यूट्रोफिल काउंट, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट ठीक, प्लीहा वाढलेली नाही, असे चित्र असेल तर गंभीर रक्तविकाराची शक्यता कमी. तरी तो दाह हृदयालाही लागतो आहे, म्हणून सिगारेट सोडा. मनापासून सांगते आहे.

अबोली

माझ्या भाच्याला, वय दोन वर्षे, सर्दी-ताप होता म्हणून सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीची तपासणी) केले. लिम्फोसाइट ६० टक्के. वहिनी रडकुंडीला आली आहे.

बालदिंडी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सूक्ष्मदर्शींच्या परवानगीने उत्तर देतो. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांच्या वाट्याची अदलाबदल होते आणि चार-पाच वर्षांचे होईपर्यंत मुलांमध्ये लिम्फोसाइटचेच बहुमत असते. मग पुन्हा न्यूट्रोफिल वर येतात. दोन वर्षांच्या मुलात ६० टक्के हे अगदी वयाला साजेसे आहे. रिपोर्टवर वयानुसार मर्यादा छापली नसेल तर हा गोंधळ ठरलेलाच. मुलाच्या बाबतीत मी आकड्याआधी तीन गोष्टी विचारतो: दूध-पाणी घेतो का, लघवी होते का, ताप उतरल्यावर खेळतो का.

सावध होतो ते यांमुळे: फिकटपणा, अंगावर आपोआप उठणारे निळे-लाल डाग, हाडे दुखतात म्हणून चालायला नकार, मानेतल्या किंवा काखेतल्या मोठ्या गाठी, पोट फुगणे, आठवड्यांमागून आठवडे येणारा ताप. यांपैकी काही असेल तर काउंट नॉर्मल असला तरी मी स्लाइड पाहायला लावतो. मुलांच्या तीव्र ल्यूकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) काउंट वाढलेला, नॉर्मल किंवा कमीही असू शकतो.

अबोली

खूप आभार डॉक्टर. डाग, गाठी काही नाही, कालपासून खेळतो आहे. वहिनीला हे वाचायला देते.

दूरचा_तारा

उलट प्रश्न. वडिलांना ताप आहे, वय ८०, काउंट ७,०००. म्हणजे इन्फेक्शन नाही असे समजायचे का?

सूक्ष्मदर्शी

नाही, असे समजू नका. वयस्कर माणसांत अस्थिमज्जेचा प्रतिसाद मंद असू शकतो. टायफॉइडमध्ये काउंट अनेकदा नॉर्मल किंवा कमी असतो, डेंग्यूत तो सहसा घसरतो. तीव्र जंतुदोषात पेशी जितक्या वेगाने तयार होतात त्याहून वेगाने वापरल्या गेल्या तर आकडा कोसळतो, आणि ते वाढण्यापेक्षा जास्त काळजीचे असते. १९९२ साली सेप्सिससाठी (संसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिसादासाठी) जे निकष मांडले गेले त्यांत १२,००० च्या वर आणि ४,००० च्या खाली या दोन्हींना सारखेच स्थान होते. एकूण आकडा नॉर्मल असूनही अपरिपक्व न्यूट्रोफिल १० टक्क्यांच्या वर असतील तर तोही त्यातला एक निकष होता. ८० वर्षांच्या माणसात गोंधळल्यासारखे बोलणे, जेवण तुटणे, श्वास वाढणे, रक्तदाब उतरणे ही लक्षणे काउंटपेक्षा मोठी. वडिलांना आजच डॉक्टरांना दाखवा.

ध्रुवपद

मूळ भीती कर्करोगाची असते, तर त्याबद्दल सविस्तर लिहाल का? साधी वाढ आणि ल्यूकेमिया यांत तुम्ही फरक कसा करता? आकडा किती झाला की ल्यूकेमिया समजायचा?

सूक्ष्मदर्शी

अशी एक रेघ नाही. जंतुसंसर्गात, विशेषतः आतड्याच्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल संसर्गात, किंवा शरीरात दुसरीकडे असलेल्या गाठीमुळे काउंट ५०,००० च्या पुढे जाऊ शकतो आणि तरी तो ल्यूकेमिया नसतो. त्याला ल्यूकेमॉइड रिअ‍ॅक्शन म्हणतात. याउलट ल्यूकेमिया ६,००० च्या काउंटमागेही दडलेला असू शकतो.

मी पाहते ते असे. पहिल्यांदा, इतर दोन ओळी. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट ठीक असतील आणि फक्त पांढऱ्या पेशी थोड्या वाढल्या असतील तर बहुतेक वेळा कारण अस्थिमज्जेच्या बाहेर असते. पांढऱ्या वाढल्या आणि बाकीच्या दोन्ही घसरल्या, तर अस्थिमज्जेतली जागा कोणीतरी बळकावली आहे का हा प्रश्न उभा राहतो. मग स्लाइड. ब्लास्ट, म्हणजे अगदी कोवळ्या पेशी, निरोगी माणसाच्या रक्तात दिसत नाहीत. त्या दिसल्या तर मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करते. त्यानंतर जुने रिपोर्ट. दोन दिवसांत चढलेला आणि दोन वर्षे हळूहळू चढत आलेला आकडा यांचा अर्थ पूर्ण वेगळा.

सीएमएल या ल्यूकेमियाच्या प्रकाराचे चित्र ओळखीचे आहे: न्यूट्रोफिलच्या वाढीच्या सगळ्या पायऱ्या एकाच स्लाइडवर, सोबत बेसोफिल वाढलेले, अनेकदा प्लीहा मोठी. काही जणांचा काउंट लाखावर असतो आणि ते कामावर जात असतात, थोडा थकवा आणि डाव्या बरगडीखाली जडपणा एवढीच तक्रार. १९६० साली पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना फिलाडेल्फियात या रुग्णांच्या पेशींत एक खुजे गुणसूत्र दिसले. १९७३ साली जॅनेट रोली यांनी दाखवले की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तिथे आपापसांत बदललेले असतात. त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते आणि पेशींना सतत वाढण्याचा हुकूम देत राहते. आज रक्ताच्या नमुन्यातून हे जनुक शोधता येते, म्हणून ल्यूकेमॉइड की सीएमएल हा एकेकाळचा अवघड प्रश्न एका चाचणीने सुटतो. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इमॅटिनिब या औषधाने नेमके त्या हुकमावरच बोट ठेवले. रोज गोळी घेऊन, औषधाला चांगला प्रतिसाद देणारे रुग्ण आता जवळपास इतरांइतके आयुष्य जगतात. या आजाराचे नाव ऐकताच सर्वस्व संपले असे मानणाऱ्या कुटुंबांना मला हे दर वेळी सांगावेसे वाटते.

सावलीतले_ऊन

वाचत होते, लिहावे की नाही ठरत नव्हते. माझ्या सासऱ्यांना गेल्या वर्षी सीएलएल सांगितले. कुठलाही त्रास नव्हता, मोतिबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत लिम्फोसाइट वाढलेले निघाले. फ्लो सायटोमेट्री (पेशींचा नेमका प्रकार ओळखणारी चाचणी) झाली, निदान पक्के झाले आणि डॉक्टर म्हणाले, सध्या काही उपचार नाही, दर तीन महिन्यांनी या. कर्करोग आहे आणि औषध नाही, हे आम्हाला पचत नाहीये. सासूबाई रोज विचारतात, डॉक्टरांनी आशा सोडली का?

सूक्ष्मदर्शी

तुम्ही लिहिलेत हे बरे झाले. सासूबाईंना नक्की सांगा, आशा सोडलेली नाही. सीएलएलच्या सुरुवातीच्या अवस्थेत त्रास नसताना उपचार सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, हे रुग्णांवर झालेल्या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे, दुष्परिणाम मात्र लगेच सुरू होतात. अनेकांत हा आजार वर्षानुवर्षे शांत राहतो आणि काहींना आयुष्यभर उपचार लागत नाहीत. म्हणून थांबून लक्ष ठेवणे ही इथे जगभर पाळली जाणारी पद्धत आहे.

नुसता लिम्फोसाइटचा आकडा मोठा झाला म्हणून सहसा उपचार सुरू होत नाहीत. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट उतरू लागणे, गाठी किंवा प्लीहा खूप वाढणे, कारणाशिवाय वजन घटणे, रात्री कपडे भिजतील एवढा घाम, टिकून राहिलेला ताप, किंवा सहा महिन्यांच्या आत लिम्फोसाइट दुप्पट होणे, अशा गोष्टींवर निर्णय होतो. घरी तुम्ही करण्यासारखे पुष्कळ आहे: फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा, जिवंत जंतूंच्या लसी त्यांना न विचारता देऊ नका, आणि ताप आला तर वाट पाहू नका. या आजारात लिम्फोसाइट भरपूर असतात, पण ते कामाचे नसतात, त्यामुळे संसर्ग लवकर होतो.

सावलीतले_ऊन

‘भरपूर पण कामाचे नाहीत’ हे आम्हाला कोणी असे समजावले नव्हते. लसींचे विचारते. सासूबाईंना आज संध्याकाळी सगळे वाचून दाखवीन.

ध्रुवपद

सावलीतले_ऊन, माझ्या काकांनाही हेच आहे, निदान होऊन बरीच वर्षे झाली, अजून औषध नाही. ते शेतावर जातात, भांडतातही पूर्वीसारखेच. धीर सोडू नका.

पिपेट

यंत्राच्या चुकांबद्दलही लिहायला हवे. पूर्वी काचेच्या रेघा मारलेल्या खाचेत रक्त टाकून हाताने मोजायचो. वॉलेस कोल्टर यांच्या पद्धतीला १९५३ साली पेटंट मिळाले आणि मोजणी यंत्राकडे गेली: बारीक छिद्रातून पेशी जाताना विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा मोजायचा. यंत्राला फक्त आकार कळतो, तेव्हा फसवणूक होते. प्लेटलेटचे गुच्छ झाले तर पांढऱ्या पेशींत मोजले जातात आणि त्याच रिपोर्टमध्ये प्लेटलेट खोटेच कमी दिसतात. केंद्रक असलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी रक्तात आल्या तरी काही यंत्रे त्यांना पांढऱ्या समजतात. मग शंभर पांढऱ्यांमागे अशा किती तांबड्या आहेत ते स्लाइडवर मोजून आकडा दुरुस्त करावा लागतो. उदाहरणार्थ यंत्राने २०,००० दिले आणि शंभरामागे २५ केंद्रकवाल्या तांबड्या दिसल्या, तर खरा आकडा १६,०००. आकडा रुग्णाच्या अवस्थेशी जुळत नसेल तर डॉक्टरांनी लॅबला फोन करावा, आम्हाला त्याचा राग येत नाही.

पहाटगाणे

इओसिनोफिलबद्दल विचारायचे होते. माझे अ‍ॅब्सोल्यूट इओसिनोफिल १,१०० आहेत. जुना दमा आहे, आता डॉक्टर स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करणार आहेत. म्हणजे इओसिनोफिलही आपोआप कमी होतील ना?

सूक्ष्मदर्शी

कमी होतील, आणि नेमके म्हणूनच गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांशी एक गोष्ट बोलून घ्या. तुमच्या बाबतीत दमा हेच कारण असण्याची शक्यता भरपूर आहे. पण जंतांचा प्रश्न आधी निकालात काढलेला बरा. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक सूक्ष्म कृमी दूषित मातीतून त्वचेवाटे शिरतो आणि शरीरातच पुनःपुन्हा स्वतःची पिढी वाढवत दशकानुदशके राहू शकतो. माणसाला पत्ताही नसतो, फक्त इओसिनोफिल किंचित वाढलेले. अशा माणसाला स्टिरॉइड दिले की कृमी बेसुमार वाढून आतड्याबाहेर पसरतात, सोबत आतड्यातले जीवाणू रक्तात नेतात, आणि ही अवस्था जिवावर बेतू शकते. त्या वेळी इओसिनोफिल वाढलेले दिसतीलच असेही नाही.

शौचाच्या एका तपासणीत तो सापडला नाही म्हणजे नाहीच असे होत नाही, कारण अळ्या रोज पडत नाहीत. रक्तातली अँटिबॉडीची चाचणी अधिक उपयोगी ठरते. उपचार सोपा आहे, आयव्हरमेक्टिन, तोही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. दम्याचा जोर असेल तर मात्र स्टिरॉइड अडवून बसू नका, श्वास आधी. डॉक्टरांना एवढेच विचारा की माझे इओसिनोफिल १,१०० आहेत, जंतांची तपासणी करायची का. नवीन औषध कोणते सुरू झाले होते तेही सांगा. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज आणि इओसिनोफिलची वाढ एकत्र आली तर ती औषधाची गंभीर रिअ‍ॅक्शन असू शकते आणि तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पहाटगाणे

अपॉइंटमेंट परवा आहे. लिहून घेतले.

रानवारा

ताई, शेवटचा प्रश्न. थोडासा वाढलेला काउंट, म्हणजे १२-१३ हजार, पुन्हा कधी तपासायचा? आणि तातडीने धावायचे कधी?

सूक्ष्मदर्शी

सर्दी-खोकला, दाढदुखी, जखम असे उघड कारण असेल तर ते बरे झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करायला डॉक्टर सहसा सांगतात. शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, धावपळ न करता, थोडा वेळ शांत बसून. सोबत स्लाइड पाहायला सांगा. जुने रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि सिगारेटचा खरा हिशोब बरोबर न्या. कारण सापडत नाही आणि काउंट टिकून आहे किंवा चढतो आहे, तर रक्तविकारतज्ज्ञांकडे.

त्याच दिवशी जायचे ते असे: ताप आणि हुडहुडीबरोबर रक्तदाब उतरलेला किंवा शुद्ध हरपल्यासारखी, पोटात वाढत जाणारी तीव्र वेदना, हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारे रक्त, अंगभर ठिपके, रिपोर्टमध्ये ब्लास्ट असा शब्द. काउंट १,००,००० च्या वर गेला आणि धाप, अंधुक दृष्टी, डोके जड किंवा बोलण्यात गोंधळ असेल तर पेशींच्या गर्दीने बारीक रक्तवाहिन्या तुंबत असण्याचा धोका असतो. तीव्र मायलॉइड ल्यूकेमियात हे विशेष घडते. तिथे तास मोजले जातात, सकाळ होण्याची वाट पाहायची नाही.